विमानाचं इंधन, काजळी आणि ती पांढरी रेघ

प्रश्न: विमानात जवळपास रॉकेलच जळतं असं वाचलं. मग दिव्यात रॉकेल जळताना काच काळी होते आणि विमानामागे मात्र पांढरी रेघ दिसते, हे कसं काय? ती रेघ म्हणजे धूरच का?

उत्तर: बरोबर वाचलंत, जेट ए-वन म्हणजे नीट शुद्ध केलेलं रॉकेलच, साधारण ८ ते १६ कार्बनच्या रेणूंचं मिश्रण. रेघ मात्र धुराची नाही, बर्फाच्या बारीक कणांची असते. पण काजळीचा तिच्याशी संबंध आहे, म्हणून आधी काजळीचंच बघू.

या मिश्रणात सरळ साखळीचे रेणू असतात, फांद्या फुटलेले असतात आणि बेन्झीनसारखी सहा कार्बनची कडी असलेले, म्हणजे अ‍ॅरोमॅटिकही असतात. खरी काजळी धरतात ते हे शेवटचे. साखळी उष्णतेने पटापट तुटते, कडी मात्र चिवट, आणि जिथे ऑक्सिजन कमी पडतो तिथे ती जळायच्या ऐवजी अ‍ॅसिटिलीनचे, म्हणजे दोन कार्बनच्या छोट्या रेणूचे, तुकडे जोडून घेत वाढतच जाते, कडीला कडी लागते, थरावर थर बसतो आणि झाला काजळीचा कण तयार! म्हणून जेट ए-वनमध्ये अ‍ॅरोमॅटिक २५ टक्क्यांच्या वर चालत नाहीत.

याची एक टेस्ट मला फार आवडते. वातीचा छोटासा दिवा, ज्योतीमागे मिलिमीटरची पट्टी. वात वर वर घ्यायची, टोकाला धुराची शेपटी आली की हळूच खाली करायची आणि शेपटी जेमतेम गेली की ज्योतीची उंची वाचायची. बिनधुराची ज्योत जितकी उंच, तितकं इंधन कमी काजळीचं. ती २५ मिलिमीटर तरी हवी, नॅफ्थलीन (दोन कड्या जोडलेले अ‍ॅरोमॅटिक) ३ टक्क्यांच्या आत असेल तर १८ पण चालते. एवढ्या मोठ्या इंजिनाचं इंधन, पण परीक्षा वातीच्या दिव्यावर!

इंजिनात इंधन फवाऱ्यासारखं उडतं आणि काही मिलिसेकंदांत जळतं, ते जिथे जळतं त्या कक्षाच्या पुढच्या भागात तापमान २००० अंशांच्या वर जातं. काजळी तिथेही होते बरं का, पण पुढे बाजूच्या भोकांतून हवा आत येते आणि त्यातली बहुतेक जळून जाते. उरतात ते इतके बारीक कण की डोळ्याला दिसतच नाहीत. आता १ किलो इंधन जळलं की साधारण सव्वा किलो पाण्याची वाफ होते, कारण ऑक्सिजन हवेतला असतो, आणि वरच्या कडाक्याच्या थंडीत ती वाफ याच कणांवर बसून गोठते. ती तुमची रेघ. कमी अ‍ॅरोमॅटिकच्या इंधनावर उडणाऱ्या विमानांमागे दुसरं विमान नेऊन मोजमाप केलंय, तेव्हा काजळीबरोबर बर्फाचे कणही कमी भरले.

मग अ‍ॅरोमॅटिक सगळेच काढून टाका की, असं वाटेल. पण जुन्या इंधनयंत्रणेतल्या नायट्राइल रबराच्या रिंगा याच रेणूंमुळे फुगून घट्ट बसलेल्या असतात, ते गेले की रिंगा आकसतात आणि इंधन गळायला लागू शकतं. म्हणून नवी कृत्रिम इंधनं मिसळतानाही मिश्रणात किमान ८ टक्के अ‍ॅरोमॅटिक ठेवावे लागतात.