मीटिंगच्या हजेरीचा दाखला मागत असतील तर

तुम्ही लिहिलंय की दारूच्या वासावरून कामावर मेमो मिळाला, साहेबांनी "एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना सावरण्यासाठी चालवलेले ग्रुप) मीटिंगला जा आणि दर महिन्याला हजेरीचा दाखला आणून द्या" असं सांगितलं, आणि ग्रुपमध्ये विचारलं तर "आम्ही दाखला देत नाही" असं उत्तर मिळालं. ग्रुप बोगस तर नाही ना, हा तुमचा प्रश्न. अजिबात नाही. ग्रुपने बरोबर तेच सांगितलं. अडचण ऑफिसच्या मागणीत आहे, आणि हीच मागणी मी भोगलेली असल्यामुळे जरा लांबण लावतो.

एए 1935 साली अमेरिकेत सुरू झालं, तेव्हापासून माणसाची ओळख चार भिंतींच्या आत ठेवणं हा त्याचा पाया आहे. सभासदांची यादी नाही, फी नाही, मस्टर नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. ज्यांच्याकडे नोंदच नाही त्यांनी दाखला कशावरून द्यायचा?

माझ्या ऑफिसचं नाव घेत नाही. तिथल्या कर्मचारी कल्याण विभागाला हे कधीच समजून घ्यायचं नव्हतं. एका जुन्या सभासदाने माझ्यावरच्या मायेपोटी, स्वतःच्या जबाबदारीवर, चार ओळी लिहून दिल्या. "लेटरहेड नाही" म्हणून परत. मग "गोल शिक्का पाहिजे". शेवटी तर सांगितलं, ग्रुपमधले दोघे साक्षीला ऑफिसात घेऊन या! ज्यांनी मला रात्री-अपरात्री फोनवर सावरलं, त्यांना मी टेबलासमोर उभं करून "आम्ही दारुडे होतो" असं वदवून घ्यायचं? मी नकार दिला आणि वेतनवाढ अडकली. पैशाचं एक वेळ सोडा. मोठं नुकसान हे की मीटिंगमध्ये बसून डोक्यात फक्त कागद फिरायचा. समोर माणूस पोटातलं सांगतोय आणि मी विचार करतोय की याच्याकडे शिक्का असेल का. नव्या माणसाचे पहिले महिने किती नाजूक असतात! ते या लोकांनी माझ्याकडून काढून घेतले, याचा राग अजून गेलेला नाही.

मार्ग निघाला तो डॉक्टरांकडून. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा. उपचार चालू असल्याचं आणि कामावर येण्यास योग्य असल्याचं प्रमाणपत्र तिथून मिळू शकतं. मुक्तांगणसारख्या उपचार केंद्रातही नोंद असते, त्यामुळे कागद मागता येतो. दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक स्थिती 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात धरलेल्या आहेत आणि उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्कही त्यात आहे. म्हणून सगळा केसपेपर ऑफिसला देऊ नका, प्रमाणपत्र पुरे. मी वकील नाही, युनियनच्या माणसाला विचारून घ्या. पण तोंडी मागणीवर मात्र धावू नका. काय पाहिजे ते लेखी मागा, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची आवक क्रमांकासह पोच घ्या.

आणि मीटिंग या सगळ्यापासून वेगळी ठेवा. तिथे तुम्ही साहेबांसाठी जात नाही.

तुम्ही मागच्या रांगेत बसून प्रार्थना सुरू होताच निघालात, असंही लिहिलंय. पुढे बसा. देवाचं नाव खटकत असेल तर तेवढा भाग गप्प राहा, कोणी सक्ती करत नाही. ओपन मीटिंगला घरचं कोणीही येऊ शकतं, क्लोज्ड फक्त आपल्यासाठी. एका ग्रुपवरून मत बनवू नका. चाळीतला ग्रुप वेगळा, चर्चच्या हॉलमधला वेगळा, काही ठिकाणी हिंदी-इंग्रजीच जास्त. माझं मत विचाराल तर शेअरिंगपेक्षा, म्हणजे मीटिंगमध्ये आपापली गोष्ट सांगण्यापेक्षा, नंतरचा चहा महत्त्वाचा. तिथेच फोन नंबर मिळतात, आणि पगाराच्या संध्याकाळी तेच उपयोगी पडतात. स्पॉन्सर, म्हणजे आपल्याला हाताला धरून नेणारा जुना सभासद, निवडताना छान बोलणारा नको, फोन उचलणारा बघा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. रोज पिणाऱ्याने मनाने एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊ शकतो, त्यात माणूस दगावू शकतो. मी डॉक्टर नाही, म्हणूनच म्हणतो, आधी डॉक्टर. लगेच कोणी भेटत नसेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. आणि घरच्यांना कोणी भाजीतून गुपचूप दारू सोडवायची गोळी द्यायला सांगितलं तर साफ नाही म्हणायला सांगा. त्या औषधावर नकळत दारू गेली तर जिवावर बेततं.

वहिनींना अल-अनॉनबद्दल सांगा, ते घरच्यांसाठी असतं. पुण्याजवळ असाल तर मुक्तांगणचा सहचरी गटही आहे. तुम्ही मीटिंगला जा न जा, त्यांनी जावं. माझ्या घरी आधी बायको शांत झाली, मी नंतर.

पाळ्यांचं विचारलंय त्याबद्दल: रात्रपाळीच्या आठवड्यात ऑनलाइन मीटिंग धरा, पण दिवसपाळी लागली की प्रत्यक्ष जा. नुसत्या स्क्रीनवर माझं तरी भागलं नाही.