खालच्या मजल्यावर कोण होतं?

मी समुपदेशक आहे. बांधकामातलं काम शिकणारी मुलं माझ्याकडे वारंवार एकच बोलणं घेऊन येतात: "माझ्या हातून आग लागली. हे काम माझ्यासाठी नाही." कुणी वेल्डर असतो, कुणी वायरमन, कुणी गच्चीवर गॅस टॉर्चने वॉटरप्रूफिंगची शीट चिकटवणारा.

त्यांतला एक, एकोणीस वर्षांचा, फॅब्रिकेशन, म्हणजे लोखंड कापून-जोडून रेलिंग वगैरे बनवण्याचं काम, शिकणारा. रेलिंगचा पाइप ग्राइंडरने कापताना ठिणग्या डक्टमधून (पाइप-वायर वरून खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीतून) खालच्या मजल्यावर गेल्या आणि दारांच्या गोणपाटाच्या पॅकिंगने पेट घेतला. इजा कुणालाच झाली नाही. पण त्यानंतर वेल्डिंगचा रॉड पकडणारा होल्डर धरला की त्याचा हात थरथरायचा आणि रॉड लोखंडाला चिकटून बसायचा. "याच्या हाताला यश नाही," असं घरचे म्हणू लागले होते.

तो सगळं 'माझा निष्काळजीपणा' म्हणून संपवायचा. अशा शब्दावर मी थांबत नाही. झालेल्या गोष्टीपेक्षा तिला आपण दिलेलं नाव माणसाला जास्त छळतं, असं मी मानते आणि माझं बरंचसं काम त्या नावाशीच चालतं.

"ठिणगी कुठून कुठे गेली, तेवढंच सांग. स्वतःबद्दल काही बोलू नकोस."

"डक्टच्या फटीतून खाली. गोणपाटावर."

"लगेच पेटलं?"

"नाही मॅडम. आम्ही जेवायला गेलो. आलो तेव्हा धूर होता."

"तेवढ्या वेळात खाली कोण होतं?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग सावकाश म्हणाला, "कुणीच नाही. खाली बघायचं असतं, हेच मला माहीत नव्हतं."

इतके दिवस तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. आग धुमसली होती एक मजला खाली. सगळा दोष मिस्त्रीवर टाकून मोकळं व्हायलाही मी त्याला दिलं नाही. "आता काय करशील?" एवढंच विचारलं. त्याने कागद मागितला.

त्याने लिहिलेलं प्रत्येक शिकाऊ मुलाने पाठ करावं. कामाभोवती सुमारे ११ मीटर, म्हणजे ३५ फुटांत, जळण्यासारखं काही नको. जे हलवता येत नाही त्यावर वेल्डिंग ब्लँकेट, म्हणजे ठिणग्यांनी न पेटणारं जाड कापड. फटी आणि डक्टची तोंडं पत्र्याने बंद. अर्थ क्लॅम्प, म्हणजे करंट मशीनकडे परत नेणारा चिमटा, वेल्डिंग चालू असलेल्या जागेच्या जवळच, नाहीतर करंट लांबून फिरतो आणि वाटेतला ढिला जोड तापतो. गॅसने कापताना लागणाऱ्या ऑक्सिजन सिलिंडरच्या व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावायचं नाही. आग विझवायचं सिलिंडर हाताशी. काम थांबल्यावर अर्धा तास, शक्यतो पूर्ण तास, एकाने पहारा द्यायचा आणि खालचा मजलाही बघायचा. गोणपाट, भुसा, कापूस आतल्या आत धुमसतात. ज्वाळा उशिरा दिसते.

कामावर परतताना हा पहारा त्यानेच आधी मागून घेतला. भीतीला काम मिळालं की ती आवरते, हे मी अनेकांत पाहिलंय. मग मोकळ्या जमिनीवर नुसते टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे टाके, नंतर लांब जोड, उंचीवरचं काम सगळ्यात शेवटी.

आईवडिलांनी 'सोड ते काम' म्हणायची घाई करू नये. मिस्त्रींनीही त्याला पहिल्याच दिवशी मचाणावर चढवू नये. हात थरथरला तर होल्डर खाली ठेवायची मुभा सगळ्यांसमोर द्यावी.