मूकपटांच्या काळात कार्टून फिल्मसाठी प्रत्येक चित्र अख्खं पुन्हा काढावं लागायचं का?

सुरुवातीला हो, अगदी मागच्या डोंगरासकट. अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांची 1914 ची 'गर्टी द डायनासोर' यूट्यूबवर आहे, जरूर बघा. गर्टी मॅके स्वतः काढायचे आणि मागचं तळं, झाड, डोंगर त्यांचा तरुण साहाय्यक जॉन फिट्झसिमन्स दर कागदावर नव्याने गिरवायचा. अशी हजारो चित्रं! मागच्या रेषा सारख्या थरथरताना दिसतात त्या म्हणूनच.

ही हमाली कमी केली न्यूयॉर्कच्या स्टुडिओंनी. राउल बारे यांच्याकडे कागदांना भोकं पाडून ते खुंट्यांवर बसवायचे, म्हणजे चित्र जागचं हलायचं नाही. साधीच युक्ती, पण पुढे सगळ्यांनी उचलली. खरी क्रांती मात्र अर्ल हर्ड यांची. पात्र पारदर्शक सेल्युलॉइडवर (प्लास्टिकच्या पातळ तावावर) काढायचं आणि खाली एकदाच रंगवलेली पार्श्वभूमी ठेवायची, या पद्धतीच्या पेटंटसाठी त्यांनी 1914 मध्ये अर्ज केला. पुढे ते कार्टून स्टुडिओचे मालक जे. आर. ब्रे यांना जाऊन मिळाले. ब्रे पक्के धंदेवाईक. पेटंटच्या जोरावर इतर स्टुडिओंकडून लायसन्सचे पैसे घ्यायचे. कलाकार म्हणून मॅके कितीतरी उजवे, पण दर आठवड्याला कार्टून पुरवायचं तर ब्रे यांच्यासारखा कारखानाच हवा होता.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली ती वेगळ्या वाटेने. त्यात चित्रं काढायची भानगड नव्हती, कॅमेऱ्यासमोर खऱ्या काड्याच थोड्या थोड्या सरकवायच्या.