वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : परीकथेतला काळोख

प्रश्न : मी 19 वर्षांची असून नागपुरात महाल भागात राहते. सिंड्रेला, रॅपुन्झेल, हिमगौरी या परीकथा मी कुमारवयीन वाचकांसाठी मराठीत नव्याने लिहीत आहे. माझ्या कथांत नायिकेचे प्रेम राजपुत्रावर नसून दुसऱ्या मुलीवर आहे. इंग्रजीत ज्यांना ‘सॅफिक’ म्हणतात, तशा या कथा आहेत. मैत्रिणींना त्या पुरेशा काळोख्या वाटत नाहीत, तर मावशीच्या मते मी जुन्या गोष्टी बिघडवते आहे. काळोख कसा वाढवावा, आणि शेवटी दोघींपैकी एकीला मारावे का?

उत्तर : मावशींच्या आक्षेपाचे उत्तर या कथा जर्मनीत गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंनीच देऊन ठेवले आहे. त्यांच्या संग्रहाच्या 1812 च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सख्खी आई होती. 1819 च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. पहिल्या आवृत्तीतली रॅपुन्झेल तिला कोंडून ठेवणाऱ्या बाईला भाबडेपणाने विचारते की माझे कपडे मला घट्ट का होऊ लागले आहेत, आणि त्यावरून राजपुत्राच्या चोरट्या भेटी उघड होतात. हा प्रश्न पुढे बदलण्यात आला. 1857 पर्यंत सात आवृत्त्या निघाल्या आणि या कथांवरून हात फिरतच राहिला. तेव्हा बिघडवण्याचा मान तुमच्याकडे पहिल्यांदा आलेला नाही.

काळोख मात्र वाढवू नका. तो कथेत आधीच कुठे दडला आहे ते शोधा. रॅपुन्झेलच्या कथेचा आरंभ डोहाळ्यांनी होतो. गरोदर बाईला शेजारच्या चेटकिणीच्या वाफ्यातली पालेभाजी खावीशी वाटते, नवरा ती चोरताना सापडतो आणि सुटकेच्या बदल्यात पोटातले मूल देऊन टाकतो. भाजीच्या मोबदल्यात विकली गेलेली मुलगी आणि तिला बुरुजात कोंडणारी, पण वाढवणारीही स्त्री, एवढ्या सामग्रीवर रक्ताचे शिंतोडे आणि वटवाघळे कशाला हवीत? सिंड्रेलाच्या जर्मन कथेत आईच्या सांगण्यावरून एक बहीण पायाचा अंगठा आणि दुसरी टाच कापते, कारण राणी झाल्यावर पायी चालावे लागणार नाही. मुलीच्या लग्नासाठी आईने हातात सुरी देणे, हा काळोख मराठी वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही.

तुम्ही महालात राहता, म्हणून एक गोष्ट सुचवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतीची मिरवणूक तुम्ही लहानपणापासून पाहिली असेल. काळी आणि पिवळी अशा दोन स्त्रियांचे भव्य पुतळे ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्यांत शहरभर फिरतात आणि शेवटी जाळले जातात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना जाऊन मिळालेली भोसले घराण्यातील बाकाबाई, असे कोणी सांगतो, तर कोणी तिला पूतना म्हणतो. (लहानपणी मी तिला पाहून आजीच्या पदराआड लपत असे, आणि जाळताना मात्र मला तिचीच दया येई.) साऱ्या गावाची पीडा ज्या बाईच्या अंगावर लादून तिला जाळतात, त्या बाईच्या तोंडून कथा सांगून पाहा. इतवारी भागातल्या गर्दीत काळी आणि पिवळी समोरासमोर येतात तेव्हा एकमेकींना काय म्हणत असतील, हा प्रश्न मला कोणत्याही काचेच्या बुटापेक्षा अधिक ओढ लावणारा वाटतो.

आता मरणाविषयी. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात मुलीवर प्रेम करणाऱ्या मित्रा या नायिकेचा शेवट आत्महत्येत होतो, आणि त्या नाटकाने जे पाहायला लावले त्याचे महत्त्व कमी नाही; पण स्त्रीवर प्रेम करणाऱ्या मुलीचे मरण हाच एक शेवट पुन्हा पुन्हा लिहिला गेला, तर सोळा वर्षांची वाचक त्याला नियम समजू लागते. याउलट विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेतील, एकमेकींवर प्रेम करणाऱ्या बीजां आणि तीजां यांना माणसे हाकलून लावतात आणि भुते आसरा देतात. भय गावाचे आहे आणि मायेची ऊब भुतांकडे, ही उलटापालट तुमच्या फार उपयोगाची आहे. कथेत कुणी मरावे, अवश्य मरावे. फक्त प्रेम हे त्या मरणाचे कारण ठरू नये. नायिका अल्पवयीन असतील तर शरीरसंबंधांचे वर्णनही टाळा.

एक अडचण भाषेची आहे. मुखवटा घातलेली व्यक्ती मुलगी आहे हे इंग्रजी लेखकाला बराच वेळ लपवता येते; मराठीत ‘आला’ की ‘आली’ हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. मला हे मराठीचे सामर्थ्य वाटते, कारण तुमच्या कथेला धक्कातंत्राचा आधार घेता येणार नाही. वाचकाला पहिल्यापासून सारे ठाऊक असेल आणि ते मान्य करूनच तो पुढे वाचेल. ‘सखी’ हा शब्द जपून वापरा, कारण त्याच्या आड प्रेम मैत्रीत सहज विरून जाते. ‘जिवलग’ अधिक बरा.

प्रश्न : मी नागपुरातील एका शाळेचे ग्रंथालय सांभाळतो. परीकथा अशा काळोख्या, सॅफिक रूपात नव्याने सांगणारी इंग्रजी पुस्तके ठेवावीत का?

उत्तर : ठेवावीत, पण स्वतः वाचून, आणि बालविभागाच्या कपाटात मुळीच नको. मुखपृष्ठावर ‘सिंड्रेला’ हे नाव दिसताच तिसरीतले मूल ते पुस्तक उचलेल आणि घरी जाऊन टाच कापण्याविषयी विचारेल. नववीच्या पुढच्या मुलांच्या कपाटात, इतर कादंबऱ्यांच्या रांगेतच, वेगळी चिठ्ठी न लावता ठेवा. कारण चिठ्ठी लावलेले पुस्तक ज्या मुलीला वाचायचे असते, ती ते सर्वांसमोर मागायला येत नाही.