कर्नेल्यापाशी थांबू नकोस

सप्रेम सलाम.

पुढच्या रविवारी तरुण संघात नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय 10 वर बोलणार आहेस म्हणे. चादरीचा दृष्टान्त, म्हणजे आकाशातून उतरलेल्या चादरीतली निषिद्ध जनावरं मारून खा असं देव पेत्राला सांगतो तो, सगळ्यांना पाठ असतो, त्यावर फार वेळ घालवू नकोस. तुझ्या वयात मी तेच केलं होतं आणि मागच्या बाकांवरच्या जांभया मला वेदीपाशी दिसत होत्या.

सुरुवात घरापासून कर. येशूचा शिष्य पेत्र यापो गावात उतरला होता समुद्रकाठच्या शिमोनाकडे. आपल्या मराठी बायबलात त्याला 'चांभार' म्हटलंय. मुळात तो कातडी कमावणारा. रोज मेलेल्या जनावरांशी संबंध, त्यात वास, म्हणून यहूदी समाजही या धंद्याला नाक मुरडायचा. अशा घरी पेत्र पुष्कळ दिवस राहतो आणि त्याच घराच्या धाब्यावरून देवाला ऐकवतो की मी अशुद्ध काही कधी खाल्लेलं नाही! मराठी माणसाला यातली गंमत फोडून सांगावी लागत नाही.

मग कर्नेल्याची माणसं येतात, दोन चाकर आणि एक शिपाई. कर्नेल्य म्हणजे रोमी पलटणीतला शताधिपती, शंभर शिपायांवरचा अंमलदार; त्याची माणसं परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेली. पेत्र त्यांना आत घेतो, रात्री ठेवून घेतो. स्वतः पाहुणा, आणि वर पाहुणे घेतो! कर्नेल्याचा कैसरीयातला बाप्तिस्मा दोन दिवसांनंतरचा, पण माझ्या मते उंबरठा ओलांडला गेला तो त्या रात्री.

एक सांभाळ. यहूदी कोत्या मनाचे आणि ख्रिस्ती उदार, असं चित्र रंगवू नकोस. पेत्र, प्रेषित पौल, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, सगळे यहूदीच. इ.स.पू. 167 च्या सुमारास अंतिओख राजाने छळ मांडला, तेव्हा याच खाण्यापिण्याच्या नियमांपायी त्यांच्या पूर्वजांनी जीव दिले होते. ज्यासाठी वाडवडील मेले, ते एका दुपारच्या दृष्टान्ताने कसं सुटेल?

सुटलं नाहीच. म्हणून कर्नेल्यापाशी न थांबता पौलाच्या गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघड. शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव जिथे पहिल्यांदा पडलं, त्याच अंत्युखिया शहरात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसत होता. याकोबाकडची माणसं आली तसा हळूच बाजूला सरकला. त्याचं बघून पौलाचा सोबती बर्णबाही. पौलाने मग पेत्राला चारचौघांत सुनावलं. इ.स. 49 च्या आसपास यरुशलेमच्या सभेत ठरलं की परराष्ट्रीयांना सुंतेची सक्ती नको. ही सभा आधी की ते भांडण आधी, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. तू त्यात पडू नकोस. ठराव करून सुंतेची अट काढता येते, शेजारी बसून जेवायला कुणाला लावता येत नाही, एवढं सांगितलंस तरी पुष्कळ.

आपल्याकडचा दाखला हवा तर लक्ष्मीबाई टिळकांचा घे. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या काळात त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी सोवळंओवळं लगेच सुटलं नव्हतं. त्यांना हसू नकोस, पेत्रालाही नको.

गलती 2 मधली 11 ते 14 ही वचनं दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लाव, तुझ्या घशाला तेवढाच आराम. शनिवारी संध्याकाळी मी घरी आहे. टिपणं घेऊन ये, आणि जेवूनच जा.

तुझा,
काका