सल्लागार जिनिव्हाचा, अप्रेंटिस अंबडचा

तरुणांच्या रोजगारासाठी येणारे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ, त्यांचे प्रकल्प आणि त्यांच्या शिफारशी यांविषयी नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. ज्या प्रश्नांत वाचकांचे पैसे अडकायची शक्यता आहे, त्यांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : अंबडला माझं सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशिनवरच्या जॉबवर्कचं युनिट आहे. कंत्राटी धरून ३४ माणसं. उद्योजकांच्या बैठकीत परदेशी सल्लागारांनी जर्मनीसारखी ‘ड्युअल’ पद्धत सुरू करायला सांगितली. आमच्याकडे मुलं तीन महिन्यांत सोडून जातात. नेमकं काय करायचं?

जर्मनीत शिकाऊ मुलगा आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यावसायिक शाळेत असतो. ट्रेडप्रमाणे हे दोन ते साडेतीन वर्षं चालतं. या सगळ्याचा कणा म्हणजे शेवटची परीक्षा. ती घेतं तिथलं उद्योग-व्यापार चेंबर, आणि चेंबरचं सभासदत्व कंपन्यांना कायद्यानंच सक्तीचं आहे. आपल्याकडे निमा किंवा आयमा या उद्योजकांच्या संघटनांचं सभासदत्व ऐच्छिक. शेजारच्या गाळ्यानं तुमचा तयार झालेला मुलगा दोन हजार जास्त देऊन उचलला, तर त्याला जाब विचारणारं कुणी नाही. सल्लागारांच्या स्लाइडवर ही ओळ क्वचितच दिसते, म्हणून आधी ती सांगितली.

आपला रस्ता १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातून जातो. (गंमत अशी, की सल्लागार तिथेही आहेच. कायद्यातला ‘अप्रेंटिसशिप ॲडव्हायझर’ हा सरकारी अधिकारी असतो आणि त्याचं मात्र ऐकावंच लागतं.) कंत्राटी धरून ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे. प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के. तुमच्या ३४ वर अडीच टक्के म्हणजे ०.८५ आणि १५ टक्के म्हणजे ५.१; थोडक्यात, एक ते पाच मुलं. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला पहिल्या वर्षी किमान ७,००० रुपये विद्यावेतन आहे. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के उचलतं, पण महिना १,५०० च्या मर्यादेत. म्हणजे ७,००० वर १,७५० होत असले तरी मिळतात १,५०० च, तेही थेट मुलाच्या खात्यात. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेनं विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची शिफारस केली आहे, तेव्हा करार करताना त्या दिवशी सरकारच्या शिकाऊ उमेदवार पोर्टलवर दिसणारा आकडाच धरा. पीएफ आणि ईएसआय लागू नाही. अपघाताची नुकसानभरपाई मात्र तुमच्यावर आहे. ॲडव्हायझरच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम देता येत नाही.

आता मुलं का जातात ते. पहिले तीन महिने जॉब चढवणं-उतरवणं आणि चिप्स झाडणं एवढंच मिळालं, की तेच काम बाहेर जास्त रोजानं मिळतं हे त्याला कळतं. पहिले दोन आठवडे फक्त मापनाला द्या. रोज सकाळी रिजेक्शनच्या पेटीतले २० नग त्याच्यापुढे ठेवा. ०.०२ मिमीचा व्हर्नियर आणि ०.०१ चा मायक्रोमीटर यांनी तो मोजेल आणि वहीत लिहील; शेजारच्या रकान्यात क्वालिटीवाल्याचं माप. फरक ०.०२ च्या वर गेला तर तोच नग पुन्हा. बहुतेक चूक मायक्रोमीटर रॅचेटऐवजी (टोकाची चकती, ती ठरावीक दाबावर घसरते) थिंबलनं (फिरवायच्या नळीनं) आवळल्यामुळे होते आणि ती चार दिवसांत जाते. तिसऱ्या आठवड्यापासून ड्रॉइंग वाचन आणि टूलची झीज, सहाव्यापासून कुणी शेजारी उभं असताना ऑफसेट, म्हणजे मशिनमध्ये टाकायची मापाची दुरुस्ती. इथे अधिक-उणेचं चिन्ह चुकतं. बाहेरचा व्यास ०.०५ नं जास्त असला तर पुन्हा कट घेता येतो. उणेच्या जागी अधिक पडलं तर नग आणखी जाड येतो, तेवढ्यावर निभावतं. अधिकच्या जागी उणे पडलं तर नग बारीक होतो आणि थेट भंगारात जातो. म्हणून सुरुवातीला ऑफसेट त्याला वहीत लिहू दे, मशिनवर ऑपरेटर टाकेल.

सगळ्यात महागडी चूक वेगळीच आहे. शिकवणाऱ्या ऑपरेटरचं टार्गेट तेवढंच ठेवायचं आणि वर मुलगा सोपवायचा. तो शिकवणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. आठवड्याला सहा तास त्याच्या टार्गेटमधून वजा करा. हे जमत नसेल तर पाच मुलं घेऊ नका, एकच घ्या.

प्रश्न : अहवालांमध्ये बेरोजगारीचा दर इतका कमी कसा? माझा मुलगा बी.कॉम. होऊन दोन वर्षं आमच्याच द्राक्षबागेत आहे. (दिंडोरी)

कारण तो बेरोजगार धरलाच जात नाही. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात ‘चालू साप्ताहिक स्थिती’ काढताना मागच्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी तासभर काम केलं असलं तरी माणूस रोजगारात मोजतात, आणि घरच्या शेतातलं बिनपगारी कामही काम असतं. आठवड्यातून एकदा तो फवारणीचा ब्लोअर घेऊन तासभर ट्रॅक्टरवर बसला, की झालं. तज्ज्ञ हल्ली ज्याचा फार उल्लेख करतात तो ‘नीट’ दर, म्हणजे शिक्षण, नोकरी, प्रशिक्षण यांपैकी कशातच नसलेले, त्यातही तो येत नाही, कारण कागदावर तो कामात आहे. अशा मुलांसाठी ‘घरच्या उद्योगातले बिनपगारी मदतनीस’ हा रकाना पाहावा. शिवाय संयुक्त राष्ट्रांचा तरुण १५ ते २४ वर्षांचा, आपल्या सर्वेक्षणातला १५ ते २९ चा. दोन्ही टक्केवाऱ्या शेजारी ठेवून तुलना करू नये.

प्रश्न : आमची संस्था पेठ तालुक्यात काम करते. परदेशी निधीतून २०० आदिवासी मुलामुलींच्या प्रशिक्षणाचा प्रकल्प मिळण्याची शक्यता आहे. सल्लागार बेसलाइन (सुरुवातीची पाहणी), ट्रेसर स्टडी वगैरे मागतात. सही करण्याआधी काय पाहावं?

आधी अपेक्षा जमिनीवर आणा. जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये विकसनशील देशांतल्या अशा कार्यक्रमांचा आढावा घेतला. त्यात दिसलं, की प्रशिक्षण देऊ केलेल्या दर १०० जणांमागे एरवी लागलीच नसती अशी नोकरी तिघांनाही लागत नाही. तुमच्या २०० पैकी समजा १२० जण कामाला लागले. त्यातले बहुतेक तसेही लागलेच असते. सल्लागार याला ‘निव्वळ परिणाम’ म्हणतात, आणि तो मोजायचा सोपा मार्ग तुमच्या हातात आहे. अर्ज २६० घ्या, गावासमोर चिठ्ठ्या टाकून २०० निवडा आणि तुलनेसाठी उरलेल्या ६० जणांचीही वर्षभर चौकशी करत राहा. चिठ्ठीमुळे ‘अमक्याचा पुतण्या घेतला’ ही कुरबुरही उरत नाही.

जे कार्यक्रम चालले, त्यांत कंपनीतला काळ मोठा होता. कोलंबियात सरकारनं तीन महिने वर्ग आणि तीन महिने प्रत्यक्ष कामाच्या जागी अशी रचना केली. चिठ्ठीनं निवड झालेल्या २००५ च्या तुकडीत मुलींची कमाई सुमारे २० टक्क्यांनी वाढली. तेव्हा करारात वर्गाचे तास मोजण्याआधी जागा देणाऱ्या कंपन्यांची लेखी पत्रं मागा, संख्येसह.

मग वेळापत्रक. दिल्लीत बसलेला सल्लागार एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असे दोन सुबक टप्पे आखतो. एप्रिलात द्राक्षाची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, पुढे विरळणी, जानेवारीपासून काढणी, आणि जुलैत पेठमध्ये भात-नागलीची लावणी. छाटणी-काढणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याची माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांत रोजावर असतात. हातातला रोज सोडून कुणी वर्गात बसत नाही. सलग तीन महिन्यांची बॅच न धरता चार-चार आठवड्यांचे तुकडे करा, मधे हंगामाला मोकळं सोडा आणि बुडणाऱ्या रोजाचा काही भाग भत्ता म्हणून अंदाजपत्रकात लिहून घ्या.

ट्रेसर स्टडी म्हणजे प्रशिक्षणानंतर तीन, सहा आणि बारा महिन्यांनी मुलं कुठे आहेत याचा माग. तो अडतो फोन नंबरवर, कारण रिचार्ज संपला की सिम बदलतं. प्रत्येकाचे तीन नंबर घ्या: स्वतःचा, घरातला, आणि गावातल्या दुकानदाराचा किंवा आशाताईंचा. ‘नोकरी लागली’ याची व्याख्याही आधीच ठरवा. सलग तीन महिन्यांचा पगार बँकेत जमा, ही व्याख्या कडक आहे. द्राक्षबागेत रोखीनं काम करणारा त्यात बसणार नाही. ७० टक्के रक्कम नोकरी लागल्यावर, अशी अट असेल तर तुमची संस्था सहा महिने स्वतःच्या खिशातून चालेल का, हा हिशेब सहीच्या आधी करा.

प्रश्न : मी आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे. जर्मनीत नोकरी लावतो म्हणून एका एजंटनं अडीच लाख मागितले आहेत. द्यावे का?

या पद्धतीनं नाही. १९८३ च्या कायद्याखाली परदेशी भरती करणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. नाव ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. उमेदवाराकडून सेवाशुल्क कमाल ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. बाकीचे पैसे ‘भाषेचा कोर्स’, ‘फाइल’, ‘प्रोसेसिंग’ अशा नावांनी काढले जातात. प्रत्येक बाबीची वेगळी पावती मागा. तिथेच बरेच जण बोलणं थांबवतात.

खरा वेळ जर्मन भाषेला आणि तुमच्या प्रमाणपत्राला तिकडे मिळणाऱ्या मान्यतेला लागतो. शून्यापासून बी-२ या भाषेच्या पातळीपर्यंत साधारण ६०० ते ८०० तासिका, ४५ मिनिटांच्या. दुसरी अडचण तुमच्या ट्रेडची आहे. आपला आयटीआय इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा, तिकडचा साडेतीन वर्षांचा. उद्योगातल्या ट्रेडची तपासणी न्यूरेंबर्गची आयएचके-फोसा ही संस्था करते, फी १०० ते ६०० युरो. दोन वर्षांच्या प्रमाणपत्रावर अंशतः मान्यता मिळण्याचीच शक्यता जास्त. उरलेला भाग तिकडे प्रशिक्षण घेऊन भरावा लागतो. मात्र अनुभव पुराव्यासह दिला तर उणीव भरून निघू शकते. म्हणून जिथे काम केलं तिथून ‘इलेक्ट्रिशियन म्हणून काम केले’ एवढंच लिहिलेलं पत्र घेऊ नका. पॅनल वायरिंग, मोटर कंट्रोल, अर्थिंग चाचणी, पीएलसी असं कामवार आणि महिन्यांसह लिहून घ्या.

महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला आहे. त्याचा हवाला एजंटही देतात. करार आहे म्हणून त्या एजंटला अधिकार मिळत नाही.

प्रश्न : एम.ए. अर्थशास्त्र झालं आहे. आयएलओ (जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय श्रम संघटना) किंवा जागतिक बँकेत रोजगार सल्लागार व्हायचं आहे. सुरुवात कुठून?

संयुक्त राष्ट्रांच्या ढाच्यात ‘पी’ म्हणजे व्यावसायिक पदांची श्रेणी. पदव्युत्तर पदवीवर पी-३ ला साधारण पाच वर्षं, पी-४ ला सात, पी-५ ला दहा वर्षं अनुभव मागतात. प्रकल्पाचे मुख्य तांत्रिक सल्लागार वरच्या दोन पायऱ्यांवरचे. तेव्हा आज पी श्रेणीचे अर्ज भरण्यात वेळ घालवू नका. जागतिक बँकेत अल्पमुदतीचे सल्लागार असतात, आर्थिक वर्षात कमाल १५० दिवस. बऱ्याच जणांची सुरुवात तिथूनच होते.

श्रमबल सर्वेक्षणाची मूळ माहिती मोफत मिळते. ती आर किंवा स्टाटा या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून वेट्स (प्रत्येक नोंदीचा भार) लावून महाराष्ट्राचा तरुणांचा दर काढा आणि प्रसिद्ध आकड्याशी जुळतो का पाहा. जुळला नाही तर बहुतेक वेट्स चुकलेले असतात. जुन्या फेऱ्यांतून नाशिक जिल्ह्याचा दर काढायचा मोह टाळा, नमुना पुरत नाही. सोबत फ्रेंच किंवा स्पॅनिश घ्या. आयएलओत इंग्रजीबरोबर या दोन भाषा चालतात. आणि भरतीसाठी फी मागणारा मेल आला तर तो खोटा. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत.

प्रश्न : सिन्नरला आमचा छोटा डाय-मोल्डचा कारखाना आहे. परदेशी तज्ज्ञ परवडेल का?

निवृत्त तज्ज्ञ परवडेल. बॉनची सीनियर एक्स्पर्ट सर्व्हिस १९८३ पासून निवृत्त जर्मन तंत्रज्ञ पाठवते, बहुधा तीन ते सहा आठवड्यांसाठी. ते मानधन घेत नाहीत. राहणं-जेवण, स्थानिक प्रवास आणि खिशाखर्च तुमच्याकडे. अर्जात ‘गुणवत्ता सुधारायची आहे’ असं लिहू नका. कोणत्या डायला, किती शॉटनंतर, कुठे तडा जातो ते फोटोसह लिहा, म्हणजे त्याच कामाचा माणूस निवडता येतो. आणि तो येईल तेव्हा दुभाषा म्हणून ऑफिसातला मुलगा देऊ नका. त्याला इंग्रजी येतं, पण ‘ड्राफ्ट अँगल’ कशाला म्हणतात ते टूलरूमच्या फोरमनलाच ठाऊक असतं. दोघांना जोडीनं बसवा आणि रोज संध्याकाळी अर्धा तास मराठीत टिपण लिहून घ्या.