घरचा माइनक्राफ्ट सर्व्हर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जावा आवृत्तीचा सर्व्हर जुन्या पीसीवर चालू केला, राउटरवर २५५६५ पोर्ट (बाहेरून सर्व्हरपर्यंत येण्याचं दार) उघडला. घरातून खेळता येतं, पण बाहेरच्या मित्रांना 'कनेक्शन टाइम्ड आउट' दिसतं. काय चुकतंय?

उत्तर : घरातून खेळता येतं म्हणजे सर्व्हर ठीक आहे, वाट पुढे कुठेतरी अडते. राउटरच्या पानावरचा वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडा. दोन्ही वेगळे असून वॅनचा आकडा १००.६४ ते १००.१२७ मध्ये (किंवा १० ने सुरू होणारा) असेल, तर इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देते. यालाच सीजीनॅट म्हणतात. अशा वेळी बाहेरून आलेली जोडणी कंपनीच्या यंत्रापाशीच थांबते, त्यामुळे घरच्या राउटरवर पोर्ट उघडून काहीच साधत नाही. वॅनवर १९२.१६८ दिसत असेल तर बहुधा घरातच दोन राउटर एकामागे एक आहेत. फायबरची पेटी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या, म्हणजे ती राउटरचं काम सोडून फक्त जोडणी पुढे देते.

सीजीनॅट असेल तर कंपनीकडे सार्वजनिक स्टॅटिक (न बदलणारा) आयपी मागा, त्याचे पैसे सहसा वेगळे पडतात. मंडळी चार-पाच आणि ओळखीचीच असतील तर मी टेलस्केल सुचवेन, म्हणजे आपल्याच यंत्रांचं खासगी जाळं बनवणारं सॉफ्टवेअर. सर्वांनी ते बसवायचं, सर्व्हरचं यंत्र त्यांच्याशी शेअर करायचं आणि मित्रांनी त्या यंत्राचा टेलस्केल पत्ता खेळात टाकायचा. जगासाठी एकही पोर्ट उघडा राहत नाही, हा मोठाच फायदा.

दोन्ही आकडे सारखे निघाले तर हे तपासा : पीसीचा घरातला आयपी राउटरमध्ये राखून ठेवलाय का (नाहीतर तो बदलतो आणि पोर्टचा नियम भलत्याच यंत्राकडे जातो), नियम टीसीपीचा आहे का (टीसीपी आणि यूडीपी हे डेटा पाठवण्याचे दोन प्रकार), विंडोज फायरवॉलने जावाला अडवलंय का. बेडरॉक आवृत्तीला मात्र यूडीपी १९१३२ लागतो. चाचणी मोबाइल डेटावरून घ्या. कारण अनेक राउटर घरातूनच स्वतःच्या सार्वजनिक पत्त्यावर जाऊ देत नाहीत. पोर्ट उघडा ठेवणार असाल तर व्हाइटलिस्ट (फक्त यादीतल्या खेळाडूंना प्रवेश) चालू हवीच, आणि ऑनलाइन-मोड (खेळाडूचं खातं खरं आहे का याची तपासणी) बंद करू नका.

प्रश्न : सहा जण आले की खेळ अडखळतो, 'कान्ट कीप अप' असा संदेश येतो. रॅम ४ वरून १० जीबी केली, फरक नाही.

उत्तर : पडणारही नाही. सर्व्हरला सेकंदाला २० टिक (खेळाचं जग पुढे सरकवण्याच्या फेऱ्या) पूर्ण करायचे असतात, म्हणजे प्रत्येकाला ५० मिलिसेकंद. हे काम मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच कोरवर पडतं. 'टिक क्वेरी' आज्ञा (१.२०.३ पासून) सरासरी वेळ दाखवते. व्ह्यू-डिस्टन्स (किती लांबपर्यंतचं जग दाखवायचं) १० असेल तर प्रत्येक खेळाडूभोवती २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक (जगाचे चौकोनी तुकडे). ६ केलं तर १६९. सिम्युलेशन-डिस्टन्स (किती लांबपर्यंतच्या हालचाली चालू ठेवायच्या) ५ ठेवा. रॅम परत ४ जीबीवर आणा. गरजेपेक्षा मोठ्या हीपमुळे (जावाला दिलेल्या मेमरीमुळे) जावा नको असलेला डेटा मेमरीतून साफ करतानाचे थांबे लांबू शकतात.

प्रश्न : वीज गेल्यावर जग बिघडलं. बॅकअप कसा घ्यावा?

उत्तर : चालू सर्व्हरचा फोल्डर तसाच कॉपी केला तर अर्धवट लिहिलेल्या फाइलीही कॉपी होतात. कन्सोलवर आधी 'सेव्ह-ऑफ', मग 'सेव्ह-ऑल फ्लश'. जतन झाल्याचा संदेश आला की वर्ल्ड फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि 'सेव्ह-ऑन' द्या. हे शेवटचं विसरलात तर पुढचा खेळ आपोआप जतन होणार नाही. यूपीएसवर पीसीबरोबर राउटर आणि फायबरची पेटीही जोडा, आणि वीज गेली की बॅटरी आहे तोवर 'स्टॉप' देऊन सर्व्हर बंद करा.